लहानपणीच्या बाईंना, मास्तरांना भेटायला जायचंय? मग आधी हे वाचा

ज्या बाईंनी हात धरून अक्षर गिरवायला शिकवलं, ज्या मास्तरांनी पहिल्यांदा पेटीवर बोटं ठेवायला लावली, त्यांना एकदा भेटून मनातलं सांगायचं, असं आपल्यापैकी पुष्कळांनी ठरवलेलं असतं. पण घोडं अडतं ते अगदी साध्या गोष्टींपाशी. त्या आता राहतात कुठे? जाताना काय न्यायचं? समारंभ करायचा की नुसतं घरी जायचं? आणि समोर बसल्यावर बोलायचं काय? या प्रश्नांतच वर्षं निघून जातात.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या एकशिक्षकी मराठी शाळेतल्या बाईंसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांनी हे सगळं केलं. मग आजूबाजूच्या गावांतली मंडळीही विचारायला लागली आणि त्यांच्या कामातही मी थोडाफार हात लावला. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

घाई का करायची, ते आधी सांगते. गोवा १९६१ साली मुक्त झाला. त्याआधी आपल्या गावांत मराठी शिकायचं तर कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळाच्या चौकात भरणाऱ्या खासगी शाळांत. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तिथे शिकवायला गोव्यातले तरुण गेले, तसे सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडचेही आले. जिथे बस जात नव्हती अशा वाड्यांवर ते भाड्याच्या खोलीत राहिले. त्या पहिल्या फळीतले जे हयात आहेत ते आज ८० च्या पुढे आहेत. सत्तरच्या दशकात नोकरीला लागलेलेही आता पंचाहत्तरीच्या आसपास आले. ‘पुढच्या चतुर्थीला बघू’ असं म्हणण्याइतका वेळ यातल्या कुणाकडेही धरून चालू नका.

१. त्यांनी तुम्हाला नेमकं काय दिलं, ते आधी लिहून काढा

हे काम एकट्याने, घरी बसून करायचं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. ‘तुम्ही आम्हाला घडवलंत’, ‘तुमचे संस्कार’, ‘तुमच्यामुळेच आज आम्ही’ ही वाक्यं शिक्षकांनी निवृत्तीच्या दिवशी भरपूर ऐकलेली असतात. ती खोटी नसतात, पण त्यातून त्यांना काही कळत नाही. आपण केलेली कुठली गोष्ट कुणाला उपयोगी पडली, हे शिक्षकाला जन्मभर ठाऊक नसतं. मुलं चौथी झाली की दुसऱ्या शाळेत जातात, पुढचं काही दिसत नाही. ते आपण जाऊन सांगायचं आहे.

म्हणून कागद घ्या आणि एकच प्रसंग लिहा. कुठली इयत्ता, कुठला ऋतू, बाई काय म्हणाल्या, त्यांनी काय केलं. मग त्यामुळे पुढे तुमचं काय झालं, ते दोन ओळींत. आमच्या वर्गातला एक मुलगा डावखुरा होता. घरी त्याला त्यावरून मार बसायचा. बाईंनी त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे शेजारच्या मुलाच्या हाताला त्याचा हात लागणार नाही. बाकी काही बोलल्या नाहीत, घरच्यांशी भांडल्याही नाहीत. तो आज सुतारकाम करतो, घरांची लाकडी कामं घेतो. भेटायला जाताना तो आपली हिशेबाची वही घेऊन आला. तिच्यात दरवाज्यांची, खिडक्यांची मापं आणि आकृत्या होत्या, सगळ्या डाव्या हाताने काढलेल्या. त्याने ती बाईंच्या मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाला, “बाई, माझ्या डाव्या हातावर तुम्ही कधी मारलं नाही.” बाईंनी एकेक पान उलटून बघितलं. चौकटीचं माप कसं घेतात, तेही विचारलं. शालीपेक्षा ती वही त्यांनी जास्त वेळ हातात धरली होती.

प्रसंग आठवत नसेल तर आईला, मोठ्या भावंडांना विचारा. जुन्या वह्या, प्रगतिपुस्तक, गॅदरिंगचा एखादा फोटो शोधा. काहीच आठवलं नाही तरी खोटा प्रसंग जोडू नका. ‘मला शाळेत यायला आवडायचं, ते तुमच्यामुळे’ हे खरं असेल तर तेवढंही पुरे.

२. त्या कुठे आहेत ते शोधा

सरकारी शिक्षकांच्या बदल्या होत असत, त्यामुळे तुमच्या बाई तुमच्या गावातून निवृत्त झाल्या असतील असं नाही. शोध या क्रमाने घ्या.

आधी ज्या घरात त्या भाड्याने राहायच्या त्या घरी विचारा. घरमालकांच्या घरातल्या बायकांकडे पत्ता असतोच, निदान कुठल्या गावच्या होत्या हे तरी माहीत असतं. मग शाळेत जा. शाळा पटाअभावी बंद झाली असेल तर तिचं दप्तर कुठल्या शाळेत गेलं, ते भागशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. तिसरा मार्ग त्याच काळातल्या दुसऱ्या शिक्षकांचा. निवृत्त शिक्षक एकमेकांच्या संपर्कात असतात, एकाचा फोन मिळाला की पुढचा मिळतो.

कार्यालयात जाऊन ‘पत्ता द्या’ म्हणून हट्ट धरू नका. कुणाचाही घरचा पत्ता असा देता येत नाही आणि देऊही नये. तुमचं नाव, शाळा, वर्षं आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून द्या आणि ‘हे त्यांच्यापर्यंत पोचवाल का?’ असं विचारा. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि त्यांना भेटायचं आहे की नाही, हे ठरवायची मोकळीक त्यांच्याकडे राहते.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं घेऊन विचारा. पुष्कळ शोध इथेच अडतात.

३. आधी घरच्यांशी बोला

नंबर मिळाला की थेट बाईंना फोन लावायची घाई होते. शक्य असेल तर आधी मुलगा, सून, मुलगी, जे कुणी बरोबर राहत असेल त्यांच्याशी बोला. तब्येत कशी आहे, ऐकू येतं का, नजर कशी आहे, साखर आहे का, दुपारी किती वाजता पडतात, उपवास कधी असतो, घरात नुकतंच काही वाईट झालं आहे का, हे सगळं विचारून घ्या. यातलं एकेक उत्तर पुढची पायरी बदलतं. ऐकू कमी येत असेल तर फोनवरून सांगायचा बेत सोडा, पत्र लिहा. नजर गेली असेल तर पत्र वाचून दाखवायला कुणीतरी लागेल. साखर असेल तर पेढ्यांचा खोका नको.

मग खुद्द त्यांना विचारा. ‘आम्हाला तुम्हाला भेटायला यायचं आहे, येऊ का?’ सरप्राइझ द्यायचा मोह टाळा. वयस्कर माणसाला अंगावर घरचं लुगडं किंवा गाऊन असताना दारात वीस माणसं उभी दिसली की आनंदाआधी संकोच होतो. त्यांना केस विंचरायला, चांगलं पातळ नेसायला, घर आवरायला वेळ हवा असतो. तो मान आहे आणि तो आपण राखायचा.

त्या नको म्हणाल्या तर? एकदा विचारा, की पत्र पाठवलं तर चालेल का. त्यालाही नको म्हणाल्या तर थांबा.

४. यादी रजिस्टरवरून करा, व्हॉट्सॲपवरून नको

एकटं जायचं असेल तर ही पायरी सोडा. एकट्याने जाणंही उत्तमच, किंबहुना पहिल्या भेटीला मला तेच बरं वाटतं. पण वर्गाने मिळून जाणार असाल तर हे नीट वाचा.

वर्गाचा ग्रुप असतो त्यात दहावी झालेले, नोकरीत असलेले, स्मार्टफोनवाले असतात. चौथीत शाळा सुटलेली मुलगी त्यात नसते. लग्न होऊन पलीकडच्या तालुक्यात गेलेली, खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेलेला, ते नसतात. आणि बाईंना नेमकी त्यांचीच आठवण असते. आमच्या बाईंनी सगळ्यात आधी चौकशी केली ती मधूनच शाळा सोडलेल्या मुलीची. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर होतं, असं त्या म्हणाल्या.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव असतं. मुख्याध्यापकांना कारण सांगून विनंती करा, की आमच्या वर्षाची फक्त नावं वाचून दाखवा. रजिस्टरचे फोटो मागू नका, त्यात जन्मतारीख, जात असं सगळं असतं. नावं मिळाली की वाड्यावाड्यांवर वाटून घ्या आणि प्रत्येक घरी माणूस जाऊ द्या. वर्गणी काढणार असाल तर रक्कम ठरवू नका, ज्याला जेवढं जमेल तेवढं, आणि कुणी किती दिलं ते बाहेर येऊ देऊ नका. पैशामुळे कुणी येणं टाळलं तर सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

आणखी एक. कुणी म्हणेल, ‘मी येणार नाही, मला त्या मास्तरांनी मारलं होतं.’ त्या काळी छडी सर्रास चालायची आणि काहींच्या मनातला वळ अजून गेलेला नाही. ‘जाऊ दे रे, आपल्या भल्यासाठीच होतं’ असं त्याला ऐकवू नका. एकाच माणसाने एकाला उभं केलेलं असतं आणि दुसऱ्याला दुखावलेलं असतं, दोन्ही खरं असतं. ज्याला यावंसं वाटतं त्यानेच यावं.

५. दिवस आणि वेळ

गुरुपौर्णिमा आणि ५ सप्टेंबर हे दोन दिवस लगेच सुचतात. पण आषाढातली पौर्णिमा म्हणजे आपल्याकडे ऐन पाऊस, म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढायचे दिवस नव्हेत ते. शिक्षक दिन पुष्कळदा चतुर्थीच्या आगेमागे येतो, तेव्हा ज्याच्या-त्याच्या घरात माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून करतात त्या सजावटीची), फराळाची धांदल असते. घरी जाऊन भेटायचं असेल तर दोन्ही दिवशी चालेल. सगळ्यांनी जमायचं असेल तर चतुर्थीची आरास उतरल्यावरचा रविवार बघा, नाहीतर डिसेंबर-जानेवारी. मात्र आपल्या आणि त्यांच्याही गावच्या जत्रेची तारीख आधी तपासा.

मे महिनाही चांगला, मुंबई-पुण्याला असलेले घरी आलेले असतात. साळावली धरणात बुडालेल्या कुर्डी गावचे लोकसुद्धा पाणी ओसरलं की मे महिन्यातच सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. फक्त उन्हाचं भान ठेवा.

वेळ सकाळी दहाच्या सुमाराची, नाश्ता आणि गोळ्या झाल्यावरची. नाहीतर साडेचारनंतर, चहाच्या वेळी. दुपारी एक ते चार कुणाच्याही दारात जाऊ नका.

६. पत्र लिहा, भेटायला जाणार असाल तरीही

भेटीत बोलणं राहून जातं. माणसं जास्त असतात, चहा येतो, फोटो निघतात. पत्र मात्र मागे राहतं, रात्री पुन्हा वाचता येतं, शेजारणीला दाखवता येतं. म्हणून प्रत्येकाने आपापलं पत्र न्यावं असा आग्रह धरा.

आपण एकमेकांत कोंकणीत बोलतो, बाईंशी मात्र शाळेत मराठीत बोलायचो. पत्र मराठीतच लिहा. शुद्धलेखन चुकेल म्हणून घाबरू नका आणि दुसऱ्याकडून लिहूनही घेऊ नका. हाताने लिहा, अक्षर मोठं, ओळींत जागा, काळी किंवा निळी शाई, पानाच्या एकाच बाजूला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना फिकं पेन वाचवत नाही. छापायचंच असेल तर टाइप निदान १८ चा ठेवा.

नमुन्यासाठी आमच्या वर्गातल्या एकीचं पत्र तिच्या परवानगीने देते.

“तीर्थस्वरूप बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.
मी व्हाळापलीकडच्या घरातली, तिसरी-चौथीला तुमच्याकडे होते. पावसात मी भिजून यायचे. तुम्ही कपाटातला टॉवेल काढून माझे केस पुसायचात आणि मगच हजेरी घ्यायचात. आमच्या घरी मी शाळेत गेले काय, न गेले काय, कुणाला फरक पडत नव्हता. मी आल्याशिवाय हजेरी होत नाही, हे मला त्या टॉवेलामुळे कळलं. म्हणून व्हाळाला पाणी असलं तरी येत राहिले. आज मी पंचायतीत कारकून आहे. पावसात कुणी भिजून आलं तर मी आधी खुर्ची देते, मग काम विचारते. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. चतुर्थीला गावी येते, तेव्हा भेटून जाईन.
तुमची विद्यार्थिनी”

यात काय आहे ते बघा. सुरुवातीलाच ओळख, तीही घरावरून. एकच प्रसंग. नोकरीचं एकच वाक्य. आणि शेवटी उत्तराचं ओझं टाकलेलं नाही. आपल्या बढत्या, बंगला, मुलांची परदेशातली नोकरी हे पत्रात आलं की पत्र आपल्याबद्दल होतं. त्यांनी विचारलं तर सांगा, आनंदाने ऐकतील.

पोस्टाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टने पाठवा म्हणजे पोचलं की कळतं, आणि पाकिटावर बाईंच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबरही लिहा.

७. काय न्यावं

शाल-श्रीफळ नेऊ नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तो मानाचा भाग आहे आणि काहींना त्याशिवाय सत्कार झाल्यासारखं वाटत नाही. पण निवृत्त शिक्षकांच्या कपाटात शाली पडून असतात. पितळेची मोठी समई सुंदर दिसते, पण ती घासायची कुणी? काचेच्या फ्रेममधलं मानपत्र भिंतीवर जागा मागतं. घरच्यांना विचारून उपयोगाचं न्या: हलकी सुती साडी, वाचायचा चांगला दिवा, आरामखुर्चीची गादी, मोठ्या टाइपातली पुस्तकं. आपल्या घरचं काही असेल तर फारच बरं, उकडे तांदूळ, सोलं, बागेतली केळी. त्या गावात राहत होत्या तेव्हा अशीच देवाणघेवाण होती.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण यावर सगळ्यात जास्त वाद होतात. गरज आहे असं घरच्यांकडून कळलं तरच पैसे द्या आणि ते चारचौघांत, आकडा जाहीर करून देऊ नका. ज्या बाईंनी कुणाकडून वहीचा कागद फुकट घेतला नाही, त्यांना स्टेजवर थैली घेताना काय वाटेल याचा विचार करा. औषधांचं बिल, कानाच्या मशीनचा खर्च, घराच्या कौलांची डागडुजी असं थेट काम अंगावर घेणं जास्त बरं. मोठी रक्कम देणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा: नातेवाईक नसलेल्या माणसांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली भेट रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरचीच नव्हे, सगळीच रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. आधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारा, नाहीतर आपल्या भेटीपायी त्यांना विवरणपत्राचा घोळ निस्तरावा लागेल.

जाताना हाताशी असू द्या:

- प्रत्येकाचं पत्र, वर नाव आणि घराची ओळख लिहिलेलं
- जुना वर्गाचा फोटो, मोठा करून छापलेला, मागे नावं
- आलेल्या आणि न येऊ शकलेल्या सगळ्यांची यादी
- घरच्यांचा फोन नंबर आणि जवळच्या डॉक्टरांचा
- स्वतःचे पेले, पाणी आणि खाणं, म्हणजे घरातल्या बाईमाणसावर वीस जणांच्या चहाचा भार पडत नाही

८. प्रत्यक्ष भेट

दारात पाऊल ठेवल्यावर पुष्कळ जण हमखास एक गोष्ट करतात. समोर जाऊन उभं राहायचं, हसायचं आणि विचारायचं, “बाई, ओळखलं का मला?” कृपा करून हे करू नका. चाळीस वर्षांनंतर, टक्कल पडलेला, चष्मा लागलेला माणूस त्यांनी कसा ओळखावा? ओळखलं नाही तर त्यांनाच अपराधी वाटतं आणि उरलेला वेळ त्या शरमेत जातो. तुम्ही जवळ जा, नमस्कार करा आणि स्वतःच सांगा: “बाई, मी देवळामागच्या घरातला. माझी बहीण पण तुमच्याकडेच होती. तुम्ही आमच्या आजीकडे ताकाला यायचात.” नावापेक्षा वाडा, घर, आजी यांवरून ओळख लवकर पटते.

ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. एकेकाने बोला. पंखा आणि टीव्ही बंद करा. तुमचा प्रसंग सांगून झाला की गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. तुम्हाला जे आठवतं ते त्यांना आठवेलच असं नाही. टॉवेलाची गोष्ट बाईंना अजिबात आठवत नव्हती. त्यांना आठवत होतं ते त्या मुलीच्या आजीने पाठवलेलं फणसाच्या गऱ्यांचं ताट. त्यांची आठवण दुरुस्त करायला जाऊ नका, तीही ऐकून घ्या. त्या तरुण होत्या, परक्या गावात एकट्या राहत होत्या, पहिला पगार कसा झाला, गावच्या कुणी आधार दिला, हे आपल्याला मूल म्हणून कधी कळलेलंच नसतं.

विस्मरणाचा आजार असेल तर दोघांपेक्षा जास्त जणांनी जाऊ नये. ‘आठवतंय का’ हे शब्दच टाळा. पाढे, कविता, प्रार्थना एकत्र म्हणा. शेजारच्या गावच्या एका मास्तरांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, पण विद्यार्थ्यांनी एकोणतीसचा पाढा सुरू केला तेव्हा ‘एकोणतीस सक’ला सगळे अडखळले आणि मास्तरांनी ‘चौऱ्याहत्तराशे’ (म्हणजे १७४) म्हणत पुढचा सगळा पाढा एका दमात संपवला.

एक तास पुरे. थकवा दिसला तर त्याआधीच उठा. व्हिडिओ काढायचा तर आधी विचारा आणि डोळ्यांत पाणी आलेला क्षण कुठेही टाकू नका, त्यांनी हो म्हटलं तरी.

९. समारंभ करायचाच असेल तर

माझं मत लहान समारंभाच्या बाजूचं आहे. साखळी किंवा फोंड्यासारख्या ठिकाणी मोठी सभागृहं मिळतात, पण ती भरण्यासाठी माणसं गोळा करावी लागतात, आणि मग कार्यक्रम त्या माणसांचा होतो. शाळेचाच वर्ग किंवा व्हरांडा बघा. शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी घ्या. बंद पडलेल्या शाळेची इमारत सध्या कुणाच्या ताब्यात आहे, हे पंचायतीत विचारलं की कळतं. नाहीतर देवळाचं सभागृह आहेच.

प्रमुख पाहुणा म्हणून पुढाऱ्याला बोलावू नका. तो उशिरा येतो, बाई ताटकळतात आणि भाषण भलत्याच विषयावर जातं. प्रमुख पाहुण्या बाईच. कार्यक्रम दीड तासाचा, बोलणारे पाच, प्रत्येकाला चार मिनिटं, प्रत्येकाचा प्रसंग वेगळा. बाईंना हात असलेली खुर्ची, पायाखाली पाट आणि शौचालय जवळ, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. स्टेजला पायऱ्या असतील तर स्टेज वापरूच नका. आणि त्यांना बोलायचं असेल तर शेवटी नव्हे, मध्येच बोलू द्या. शेवटपर्यंत त्या दमलेल्या असतात.

१०. गाण्याचे, भजनाचे, नाटकाचे मास्तर

सगळेच गुरू शाळेत भेटत नाहीत. आपल्याकडे पेटी-तबला शिकवणारे, भजनाच्या ताला-सुरात बसवणारे, जत्रेच्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लावणारे मास्तर गावोगाव होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गायिका गोव्याच्या, दोघीही उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. पण खेड्यातल्या देवळात सूर कानावर पडल्याशिवाय कुणी पुढे मोठ्या गुरूंपर्यंत पोचत नाही. तो पहिला सूर दाखवणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात.

अशा मास्तरांपुढे बोलण्यापेक्षा वाजवा, गा. त्यांनी शिकवलेलाच अभंग, त्यांच्याच चालीत. गाणं सुटून गेलं असेल तर टाळ धरून साथ करा. त्यांच्या चाली, बंदिशी लिहिलेली वही असेल तर तिची स्वच्छ प्रत काढून द्या आणि ध्वनिमुद्रण करून ठेवायचं का, ते विचारा. जाहीर कार्यक्रमात तुम्ही गात असाल तर गाण्याआधी त्यांचं नाव घ्या.

११. त्या हयात नसतील तर

तरीही पत्र लिहा आणि मुलांना, नातवंडांना नेऊन द्या. आपली आई, आपले वडील शाळेत कसे होते, हे घरच्यांनी कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्या नावाने काही करायचं असेल तर आधी घरच्यांची परवानगी घ्या. गावच्या वाचनालयाला पुस्तकं देणार असाल तर कुठली हवीत ते ग्रंथपालांना विचारून द्या. शिष्यवृत्ती जाहीर करण्याआधी ती दहा वर्षं चालवेल कोण, ते ठरवा. एकाच वर्षात बंद पडणार असेल तर सुरू करू नका.

१२. भेटीनंतर

इथे बहुतेक गट सुटून जातात. फोटो टाकले जातात, ग्रुप शांत होतो आणि बाईंना वाटतं, पुन्हा कुणीतरी येईल. म्हणून उठण्याआधीच दोन-तीन जणांनी जबाबदारी वाटून घ्या. सगळ्यात जवळ राहणाऱ्याने महिन्यातून एकदा डोकावायचं. दुसऱ्याने दवाखान्याची गाडी बघायची. ‘पुन्हा येतो’ असं म्हणायचं तर कधी ते सांगा, आणि जमणार नसेल तर म्हणू नका.

तिघांचे फोन नंबर जाड स्केचपेनने मोठ्या अंकांत कागदावर लिहून त्यांच्या फोनजवळ चिकटवा. त्यांच्या मोबाइलवर एक नंबर स्पीड डायलला लावून द्या आणि त्यांच्याकडून दोनदा लावून घ्या. पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ७० वर्षांपुढच्या ग्राहकांकडून तो घरी येऊन घ्यावा असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. त्यांच्या शाखेत कुणाला भेटायचं, ते मुदतीच्या आधीच विचारून ठेवा, आणि बँकेचा माणूस येईल त्या दिवशी तुमच्यातल्या एकाने तिथे हजर राहा.